बांधावरचा माड

ती फिर्याद मी अजून विसरलेले नाही. मिठाच्या सत्याग्रहात बायकांची धरपकड होऊ लागली, तेव्हा बायकांची झडती आणि कोठडीचा पहारा यासाठी तालुक्याच्या ठाण्यावर मला नेमलं. सत्याग्रह ओसरला, मी मात्र राहिले. पुढे कोठडीत आल्या त्या बहुतेक शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भांडणातल्या.

नागावकडच्या नारळ-सुपारीच्या दोन वाड्या. एक विधवेची, दुसरी तिच्या शेजाऱ्याची. मधल्या पट्टीत विहीर आणि शेजाऱ्याच्या कडेला एक माड. हद्दीचा दगड केव्हाच गडप झाला होता. माड विधवेचा ठरला तर विहिरीसकट पट्टी तिची, नाहीतर सगळं शेजाऱ्याचं. दिवाणी दावा चालू असतानाच माड वाळला.

शेजाऱ्याला खबर दिली ती नारळ उतरवणाऱ्या पाडेल्याने. बुंध्याला गिरमिटाने भोक पाडून आत हिंग भरला होता, वरून माती लिंपली होती. हिंगाने माड मरतो, असं आमच्याकडे सगळेच मानतात. असल्या नुकसानीत पोलीस आपणहून हात घालत नाहीत. शेजारी मॅजिस्ट्रेटचा हुकूम घेऊन आला.

विधवेच्या घराची झडती मी घेतली. हिंगाची डबी कुठल्या घरात नसते? पण भाताच्या कणगीमागे गिरमिट सापडलं, आणि त्याला हिंगाचा वास होता.

ठाण्यात शेजारी ओट्यावर बसूनच होता. म्हणाला, "वयनी, एवढा हिंग आमटीत घातला असता तर अख्खा गाव जेवला असता."

"तुझ्या बाराव्याला घालीन," ती म्हणाली.

फौजदारसाहेबांनी दरडावलं, टेबल आपटलं. "मला काय म्हाईत न्हाय," याच्यापुढे बाई जाईना. ओरडणाऱ्यापुढे माणूस तोंड मिटतो. मी गिरमिट तिच्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "माड लावला कोणी?"

"माझ्या दादल्यानं! मी पानी घातलं. अन् हा मेला दर पाडपाला माझ्या डोल्यांदेखत नारळ उतरवून नेतो. म्हटलं, मला न्हाय तर तुलाबी न्हाय."

साहेबांनी टाक खाली ठेवला. "अगं, स्वतःचा माड मारलास तर गुन्हा कसला? कोर्टात तेवढंच सांग, माड माझा."

ओट्यावरचं हसणं थांबलं.

तारखेच्या दिवशी मी तिला कोर्टात घेऊन गेले. बाहेर शेजारी उभाच होता, आवाजात साखर घालून. "वयनी, झालं गेलं. कबूल करा, दंड मी भरतो. नायतर तारखांवर तारखा. वाडीला पानी कोन लावील?"

"मुळीच कबूल करू नकोस," मी म्हटलं.

"बाई, सुपारीची रोपं तहानलीत," ती म्हणाली. "मला घरला जाऊं द्या."

आत मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "शेजाऱ्याच्या माडाचं नुकसान केलंस, कबूल आहे?"

"व्हय."

शेजाऱ्याने दंड भरला. ती घरी गेली आणि त्या संध्याकाळी रोपांना पाणीही मिळालं.

त्याच्या वकिलाने त्या कबुलीची नक्कल दिवाणी कोर्टात दाखल केली. माड शेजाऱ्याचा, हे तिने स्वतःच्या तोंडानेच मॅजिस्ट्रेटला सांगितलं होतं. मग पट्टीवर वाद कसला उरला? निकाल झाला, मधे दगडांचा गडगा उभा राहिला आणि विहीर पलीकडे गेली.

ती पुन्हा ठाण्यात आली, या खेपेला स्वतःच्या पायांनी. "साहेब, मला पानी भरूं देत न्हाय."

"दिवाणी मामला आहे, बाई. पोलीस हात घालत नाहीत."

साहेब कायद्याने बरोबर होते. शेजारीही कायद्याने बरोबर होता. त्या प्रकरणात गुन्हेगार म्हणून नोंद झाली ती एकटीची.

रागाच्या भरात माणूस जे करतो त्यातून बहुधा निभावून जातं. घरी जायच्या घाईत जे बोलतो त्यातून नाही. पुढे कोठडीत आलेल्या प्रत्येक बाईला मी हे बजावलं. प्रत्येकीला घाई होती. कोणाची गाय व्यायला झालेली, कोणाचे बोंबील वाळत पडलेले.

एकदा समन्स घेऊन निघालेल्या शिपायाबरोबर त्या वाडीवरून गेले. शेजाऱ्याने मेलेला माड तोडून, खोड कोरून त्याची पन्हळ केली होती. रहाटाचं पाणी त्या पन्हळीतून त्याच्या वाडीत चाललं होतं. गडग्याच्या अलीकडे ती दूरच्या विहिरीवरून कळशी आणत होती. पन्हळीकडे तिने पाहिलंही नाही. सुपारीची रोपं वाळून गेली होती.