चोराच्या पावलांची मावशी

मावशीनं आयुष्यात एकच मोठी चोरी केली, आणि तीही पायांनी.

चोर दिसायला मोठा देखणा होता. काळे कपडे, काळे हातमोजे, कपाळावर रुळणारी बट. संग्रहालयाच्या छताची काच सरकवून तो दोरानं खाली उतरायचा, पहारेकऱ्याच्या नाकासमोरून राणीचा हार उचलायचा आणि आला तसा वर निघून जायचा. त्या जुन्या सिनेमातला हा चोरीचा प्रसंग चांगला लांबलचक आहे, आणि त्यात कोणी चकार शब्द काढत नाही. बोलतात त्या वस्तू. दोर कुरकुरतो, हाराच्या पेटीची काच कापली जाते, मखमलीवरून हार सळसळत वर येतो, आणि संगमरवरावर चोराची पावलं पडतात न पडतात. लोकांनी श्वास रोखून ऐकलेली ती पावलं मावशीची. त्या देखण्या नटाला खरंच चालायला लावलं असतं तर, मावशीच्या मते, जिन्यावरून कपाट उतरवल्यासारखं वाजलं असतं.

सिनेमात माणसं बोलतात ते वेगळं टिपलं जातं. चालणं, दारं, कपड्यांची सळसळ हे बारीकसारीक आवाज नंतर एका बंद खोलीत पडद्याकडे बघत बघत कोणीतरी हातापायांनी काढत असतं. मावशी हे काम शिकायला गेली नव्हती. ती स्टुडिओत कपड्यांना इस्त्री करायची. एकदा खळ दिलेल्या झग्यांचा सळसळता ढीग घेऊन ती आवाजाच्या खोलीवरून चालली होती. आतल्या साहेबांना एका जमीनदारीणबाईची ऐट सकाळपासून कानांनी सापडत नव्हती. ते धावत बाहेर आले आणि म्हणाले, बाई, पुन्हा चाला. मावशी पुन्हा चालली. त्या दिवशी तिची इस्त्री जी थंड झाली ती कायमचीच.

तेव्हापासून घरातल्या वस्तूंना पाय फुटले. काही हरवलं की घरात शोधायचंच नाही, स्टुडिओत बघायचं, असा लेकीनं नियमच करून टाकला. राणीचा हार म्हणजे घरच्या बेसिनच्या बुचाची साखळी. खरे मोती मावशीनं वाजवून बघितले होते, ते गोट्यांसारखे वाजले. काच कापली गेली ती डब्याच्या झाकणावर खिळा ओढून. आणि चोराचा सगळा भार ज्या दोरावर, तो दोर म्हणजे नवऱ्याचा कमरेचा पट्टा, पिळून पिळून कुरकुरवलेला. त्या दिवशी नवरा एका हातानं विजार धरून दुकानात बसला होता.

नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. सगळे त्यांना घड्याळजीच म्हणत. त्यांचे कान असे की घड्याळ टेबलावर ठेवताक्षणी ते त्याचं दुखणं सांगत. बायकोच्या कामाचा त्यांना इतका अभिमान, की सिनेमा लागला तेव्हा शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी माणसाला त्यांनी कोपरानं ढोसून सांगितलं, हा पट्टा माझा. पुढे साखळी आली तेव्हा साखळीही आमची म्हणाले. पुढच्या रांगेतल्या बाई मागे वळून बघायला लागल्या. मावशीनं नवऱ्याला हाताला धरून बाहेर काढलं आणि पुन्हा कधी तो सिनेमा बघायला नेलं नाही. घड्याळजींचीही तक्रार नव्हती. त्यांना तिथं संग्रहालय दिसायचंच नाही, आपलं स्वयंपाकघर दिसायचं.

सिनेमाच्या सुरुवातीला नावं येतात त्यात मावशीचं नाव नव्हतं. चहाची व्यवस्था बघणाऱ्याचं होतं. मला त्याचं काही नाही, असं मावशी म्हणायची. इतक्या वेळा म्हणायची, की लेकीला जे समजायचं ते समजलं होतं.

आणि आता, मावशीचे केस पांढरे होऊन जमाना झाल्यावर, जुने सिनेमे जतन करणाऱ्या संस्थेतले एक चष्मेवाले गृहस्थ दारात उभे राहिले. त्या सिनेमाचं चित्र शाबूत होतं, पण नेमक्या चोरीच्या रिळाचा आवाज ओलीनं खाल्ला होता. त्यांच्या डोक्यात अशी कल्पना आली होती, की एका जुन्या थिएटरात सिनेमा दाखवायचा आणि ते रीळ आलं की पडद्याच्या बाजूला मावशीनं लोकांसमोर, दिव्याच्या उजेडात, सगळे आवाज जागेवर काढायचे. जाहिरातीवर तिचं नाव येणार होतं. चहा यायच्या आत मावशी हो म्हणून बसली.

अडचण एकच होती. मावशीला ऐकू येत नव्हतं.

म्हणजे अगदीच येत नव्हतं असं नाही. समोरच्याचे ओठ दिसले की यायचं. फोन वाजला की ती खिडकीतून बाहेर बघायची. बाकी सगळ्याला तिचं एकच उत्तर, "हो ना." या हो ना पायी शेजारणीची मांजर पुऱ्या उन्हाळ्यासाठी तिच्या गळ्यात पडली होती. घड्याळजींना हे ठाऊक होतं, लेकीला ठाऊक होतं, मांजरीलाही पहिल्याच दिवशी कळलं. मावशी मात्र कबूल करायची नाही. लेकीनं आणलेलं कानातलं यंत्र कपाटात पडून होतं. मावशीनं ते एकदाच लावून बघितलं होतं. त्यात चमचा आणि ट्रक एकाच मापाचे वाजतात, म्हणाली, जवळचं-लांबचं काही कळत नाही.

तालमीच्या दिवशी थिएटर रिकामं होतं. मावशीनं फरशी मांडली, जुन्या सपाता चढवल्या, पडद्यावर चोर उतरला आणि ती चालायला लागली. तिला वाटत होतं, काय हलकं पडतंय पाऊल. वर बघितलं तर चष्मेवाले चष्मा पुसत होते, आणि घड्याळजींचा चेहरा बंद घड्याळासारखा झाला होता. पहारेकरी चार हातांवर उभा, आणि चोर स्वतःच्या वरातीत निघाल्यासारखा चालला होता. थोडं हळू घेऊ या का, असं चष्मेवाल्यांनी हातानं सुचवलं, तर तिनं इतकं हळू घेतलं की चोर हवेतच तरंगायला लागला. शेवटी चष्मेवाले घड्याळजींना बाजूला घेऊन अतिशय गोड शब्दांत काहीतरी बोलले.

मावशीनं बाहेरच्या पायऱ्यांवर येईपर्यंत दम धरला.

"काय म्हणत होते ते?"

"तुला स्टेजवर बोलावून पुष्पगुच्छ देणार म्हणाले."

"आणि?"

"आणि पावलं दुसऱ्या कुणाची टिपलेली, यंत्रातून वाजवणार."

मावशी पायरीवर बसली. सपातांकडे बघत म्हणाली, "नाव नाही लावलं तेव्हा मी गप्प बसले. पण अहो, पावलं माझी आहेत. ती दुसऱ्या कोणाची ऐकवली तर मी केलं काय आयुष्यभर?"

घड्याळजी तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"मला ऐकू येत नाही हो," मावशी म्हणाली.

"असं?" घड्याळजी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. "कधीपासून?"

तिनं त्यांना कोपरानं ढोसलं. ते उठले, विजार झटकली आणि पुन्हा आत गेले. आत ते नेमकं काय बोलले हे त्यांनी कधी पुरतं सांगितलं नाही, पण ठरलं ते असं. घड्याळजी पहिल्या रांगेत मावशीच्या समोर बसणार आणि तिचे कान होणार. हात छातीवर असला की सगळं ठीक, कानाची पाळी ओढली की आवाज वाढव, आपला चष्मा कपाळावर नेला की कमी कर. चष्मेवाले यंत्रातले आवाज तयार ठेवून बटणावर बोट धरून बसणार. गडबड वाटली की ते बटण दाबणार, आणि मावशीनं मुकाट्यानं दिव्याच्या उजेडातून बाजूला व्हायचं.

घरी रोज सराव सुरू झाला. एकदा जेवताना घड्याळजींनी सहज कान खाजवला, तर मावशीनं आमटीचं पातेलं असं आपटलं की मांजर दोन दिवस माळ्यावरून खाली आली नाही.

खेळ दुपारचा होता आणि थिएटर गच्च भरलं होतं. लेकीनं आईच्या झाकणावर, खिळ्यावर, साखळीवर नजर फिरवली आणि आपला एक तरी डबा घरी शाबूत उरलाय का, असं विचारून घेतलं. ते रीळ लागलं. सिनेमाचा आवाज बंद झाला आणि मावशीवर दिवा पडला.

दोर कुरकुरला. घड्याळजींचा हात छातीवर. चोरानं फरशीला पाय लावला. चष्मा कपाळावर गेला. मावशीनं टाच उचलून नुसत्या चवड्यावर भार घेतला. हात पुन्हा छातीवर. ती चार पावलं चालली आणि कडेला बघितलं, तर चष्मेवाल्यांचं बोट बटणावर होतं पण दाबलेलं नव्हतं.

मग काच आली. मावशीनं खिळा झाकणाला लावला आणि घड्याळजींकडे बघितलं. हात छातीवर नव्हता. कानावर नव्हता. चष्मा नाकावर जिथल्या तिथं. दोन्ही हातांनी त्यांनी खुर्ची घट्ट धरली होती, आ वासला होता, आणि ते तिच्याकडे बघतच नव्हते. पडद्याकडे बघत होते.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा संसार झाला, एक काम सांगितलं होतं. थांबून ओरडावं तर चोर थांबणार नव्हता. बटणाकडे बघायचं नाही एवढं तिनं मनाशी ठरवलं आणि रागारागात खिळा ओढला. तसे घड्याळजींचे खांदे कानांपर्यंत चढले. तिनं खिळ्यावरचा जोर काढला. खांदे हळूहळू खाली आले.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. हा माणूस घाबरलाय. याच्या घरचं झाकण, याच्या घरची साखळी, याच्याच कमरेचा पट्टा, आणि हा चोरासाठी जीव मुठीत धरून बसलाय.

पुढची सगळी चोरी मावशीनं त्या चेहऱ्याकडे बघत केली. इशाऱ्यांत तीनच गोष्टी होत्या, चेहऱ्यावर सगळं होतं. त्यांच्या कपाळाला आठी पडली की ती पाऊल हलकं करायची, ते पुढे झुकले की जरासं जड. एकदा चोर पहारेकऱ्यामागून जाताना तिनं पाय मुद्दाम थोडा अधांतरी धरला, तर पहिल्या रांगेत घड्याळजींचाही पाय जमिनीवरून उचलला गेला. पहारेकरी वळला तेव्हा ते चक्क खुर्चीत घसरून लपले. शेजारी कोणी अनोळखी बाई होत्या. त्यांनी घड्याळजींची बाही धरली होती आणि घड्याळजींनी त्यांची पर्स. हार मखमलीवरून उचलताना मावशीनं साखळीची शेवटची कडी टेबलावर किंचित घासू दिली. घड्याळजींनी डोळेच मिटून घेतले.

चोर छतातून निघून गेला. दिवे लागले. टाळ्या मावशीला ऐकू आल्या नाहीत, पण दिसल्या. अगदी शेवटच्या रांगेपर्यंत दिसल्या. चष्मेवाल्यांचे दोन्ही हात टाळ्यांत गुंतलेले होते, बटणापाशी कोणीच नव्हतं.

घड्याळजी घाम पुसत टेबलापाशी आले. मावशीनं त्यांना आधी इशाऱ्यांचं विचारलं. ते आपल्या हातांकडे असे बघायला लागले जणू ते दुसऱ्याच कोणाचे होते. मग पहारेकरी वळला तेव्हा आपण खुर्चीत कसे लपलो, ते सांगायला लागले. लोक भोवती जमत होते, लेकही येऊन उभी राहिली होती.

"ते राहू द्या," मावशी म्हणाली. "आवाज कसे होते ते सांगा."

घड्याळजी मान वळवून पडद्याकडे बघत काहीतरी पुटपुटले.

मावशीनं सगळ्यांच्या देखत कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "मला ऐकू येत नाही."

लेकीनं चमकून आईकडे बघितलं. घड्याळजी तोंड पुढे आणून ओरडले, "कुठले आवाज, म्हटलं."

मावशीनं ते त्यांच्याकडून आणखी एकदा वदवून घेतलं. ते ओरडले तेव्हाच तिला नीट ऐकू आलं होतं, ही गोष्ट वेगळी.