नाव न घ्यायचा पाव्हणा

चिंधूच्या घरात भाताच्या आवणीपासून झोडणीपर्यंत त्या जनावराचं नाव कुणी घेत नसे. त्याच्या आईचा, रंगूबाईचा, तो कायदा होता, आणि रंगूबाईचा कायदा वडपे गावामागच्या डोंगराएवढा जुना नि तेवढाच न हलणारा. "नाव घेतला का तो कान टवकारतो, आन कान टवकारला का येतो," असं ती सांगे. म्हणून भात उभं असेपर्यंत त्याला 'पाव्हणा' म्हणायचं. सुळेवाला असला तर 'थोरला पाव्हणा', पिलावळ घेऊन आला तर 'वऱ्हाड'. एकदा चिंधूच्या बायकोचा, चंद्राचा, सख्खा भाऊ नवशा भाद्रपदात बहिणीला भेटायला आला. चिंधूनं ओटीवरून आनंदानं "पाव्हणा आला!" अशी हाळी दिली, आणि सासू-सून दोघी काठ्या घेऊन बाहेर धावल्या. नवशानं पुढची दोन वर्षं त्या घरात पाऊल टाकलं नाही.

नावांच्या बाबतीत आईशी वाद घालायची चिंधूची प्राज्ञा नव्हती, कारण तो स्वतःच त्या विद्येचा चालताबोलता पुरावा होता. त्याच्या आधीची तीन पोरं पाळण्यातच गेली. चौथ्याचं नाव रंगूबाईनं मुद्दाम चिंधू ठेवलं, म्हणजे यमानं यादी वाचली तरी 'चिंधी कोण उचलतो' म्हणून पुढं जावं. यम पुढं गेला. चिंधू अडतीस वर्षांचा झाला, भिवंडीत कामतघरच्या एका कारखान्यात लूम चालवू लागला, सकाळची शिफ्ट संपली की सायकल मारत पाड्यावर येऊन एक खाचर भात करू लागला.

त्या एका खाचरात काय होतं, हे सांगायला हवं. बहात्तरच्या दुष्काळात पाड्यातल्या सगळ्यांनी बियाणं खाल्लं. पोटाला पंचांग कळत नाही, त्यांचं काही चुकलं नाही. पुढं सरकारी बियाणं आलं, बुटकं आणि भरघोस, आणि सगळीकडं तेच लागलं. पण रंगूबाईच्या कणगीत झिनी होती, भाताची जुनी जात. तिच्या सासूच्या सासूपासून चालत आलेली, बारीक, शिजायला लागली की तीन घरं ओलांडून वास जाणारी. रंगूबाई त्या वर्षी नाचणीच्या पेजेवर, मग पेजेच्या निवळीवर, मग जवळजवळ कशावरच नाही अशी राहिली. पण कणगीच्या तोंडावर लिंपलेलं शेण तिनं कुणाला फोडू दिलं नाही. त्र्याहत्तरच्या चैत्रात ती गेली. जाताना तोंडात ना लेकाचं नाव, ना देवाचं. "झिनी लावशील ना रं?" एवढंच.

चिंधूनं लावली. सगळी लावली, मूठभरसुद्धा मागं ठेवली नाही. आता झिनीचा दाणा जो काही होता तो त्या खाचरात उभा होता. तो गेला तर म्हातारी उपाशी मेली ती कशासाठी, याचं उत्तर कुणापाशी उरणार नव्हतं.

आणि भाद्रपद सरता सरता, ओंबीत दूध भरत असताना, पाव्हणा आला. वऱ्हाडासकट.

सकाळी चिंधू बांधावर उभा राहिला तेव्हा खाचराचा डोंगराकडचा कोपरा कुणी कणीक मळावी तसा मळून ठेवला होता. खाल्लेलं थोडं, लोळलेलं जास्त. त्यानं जे जे ऐकलं होतं ते ते केलं. भिवंडीतल्या न्हाव्याकडून पोतंभर केस आणून बांधावर पसरले. पाव्हण्यानं त्यावर लोळून घेतलं. डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंध्या टांगल्या. वऱ्हाडाला वास मानवला असावा. शेवटी चंद्राचं लग्नातलं जांभळं लुगडं खाचराला कुंपणासारखं गुंडाळलं. पाव्हणा ते अंगावर घेऊन डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेला. तिथल्या करवंदीच्या जाळीत त्याचा काठ तेवढा सापडला.

आठ दिवसांत निम्मं खाचर गेलं. चिंधूला जेवण जाईना. माणसाला रडू येत नसेल तर निदान शिवी तरी देता यावी. पण शिवी द्यायची तर नाव घ्यावं लागतं.

"आवं, गप ऱ्हा," चंद्रा त्याच्या तोंडावर हात ठेवी. "आयचा शबूद हाय. झोडनी होऊ दे, मंग काय ती ववाळनी घाला."

"झोडाला काय ऱ्हानार हाय गं?"

चंद्रानं काठी उचलली नि ती बांधाकडं निघाली.

मग एके दिवशी लूमवर तुटलेला धागा जोडता जोडता चिंधूला एक कल्पना सुचली, आणि ती सुचल्याबरोबर त्याला स्वतःच्या हुशारीची भीतीच वाटली. पाव्हणा म्हणजे वडप्याच्या डोंगरातला, जन्मापासून मराठी ऐकलेला. आपण त्याचं नाव परमुलखाच्या भाषेत घेतलं तर त्याला काय कळणार? कायदाही मोडत नाही आणि छातीही मोकळी होते. आणि कारखान्यात तर अख्खा हिंदुस्थान पगारावर होता.

चोवीस लूमच्या खडखडाटात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नसे. सारा व्यवहार हाताच्या खुणांवर आणि ओठांवर चाले. चिंधूनं दोन बोटं सुळ्यासारखी ओठांशी धरली, नाक फेंदारलं आणि शेजारच्या रामुलूपुढं मान खाली घालून माती उकरल्यासारखं केलं. रामुलू करीमनगरकडचा तेलुगू विणकर. त्याला वाटलं, याची दाढ दुखते. त्यानं खिशातली लवंग दिली. तिसऱ्या खेपेला त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं चिंधूच्या कानाला तोंड लावलं. "पंदी! हमारे में बोलते, पंदी को क्या मालूम पन्नीर का वास! पन्नीर म्हंजे गुलाबपानी."

"गुलाबपानी न्हाय रं बाबा, झिनी हाय," चिंधू कळवळून म्हणाला. "तिचा वास त्याला बराबर म्हायती हाय."

पण शब्द झकास होता. तोंडात धरून थुंकायला सोयीचा. मग चिंधूला नादच लागला. नाक्यावरच्या उडप्याच्या हॉटेलातल्या पोऱ्यानं 'हंदी' दिला. सूत आणणाऱ्या गुजराती दलालानं 'भूंड' दिला. ट्रकच्या गोवेकर ड्रायव्हरनं 'दुकर' देऊ केला, पण तो मराठीच्या फार शेजारी राहतो म्हणून चिंधूनं साभार परत केला. कारखान्याचे मेहता, म्हणजे कारकून, प्रभाकरपंत हिशेबापेक्षा संस्कृतात जास्त रमत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "वराह म्हण, सूकर म्हण. इंग्रजांत सांगतात, डुकरापुढं मोती..."

चिंधूनं झडप घालून मेहतांचं तोंड दाबलं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मेहतांचं तोंड असं कुणी दाबलं नव्हतं.

"माफी करा मेहताजी. झोडनी व्हयाची हाय अजून."

"अरे, देवाचा तिसरा अवतार आहे तो!" मेहता मिशा सावरत म्हणाले. "पृथ्वी पाण्यात बुडाली होती. त्यानं सुळ्यावर उचलून वर आणली."

"आन ठेवली कुठं? माज्या खाचरात आनून आपटली?"

राहिले खलीलचाचा. मूळचे उत्तर प्रदेशातल्या मऊचे, पांढऱ्या दाढीचे, कारखान्यातले सगळ्यात जुने कारागीर. चिंधू त्यांच्यापुढं गेला, बोटांचे सुळे केले, नाक फेंदारलं, आणि नेमकी त्याच क्षणी लाईट गेली. चोवीस लूम एकदम गप्प झाले. सगळ्या मानांनी वळून पाहिलं, तर दाढीवाल्या बुजुर्गासमोर चिंधू त्या जनावराचं सोंग घेऊन उभा! सत्तर सालच्या मे महिन्यातल्या दंगलीला तीनच वर्षं झाली होती. त्यानंतर भिवंडीत कितीतरी साधे शब्दही लोक हातात दिवा धरून चालावं तसे जपून बोलत. चिंधूची बोटं ओठांवरून निघेनात.

"चाचा," तो कसाबसा म्हणाला, "मेरा खेत खा रहा है. उसका नाम हम लोग नहीं लेते. तुम क्या बोलते, वो पूछनेको आया."

चाचांनी हातातली सुताची कांडी खाली ठेवली.

"नहीं लेते?"

"मेरी माँ बोली थी. नाम लिया तो आता है."

चाचांच्या दाढीत हळूच हसू फुटलं. "अरे भैया, हमारी दादी कहती थीं, नाम लिया तो चालीस दिन ज़बान नापाक. हम तो बस 'बद जानवर' कहते हैं. बेमुरव्वत आदमी के लिए भी कहते हैं कि इसकी आँख में... उसका बाल है."

"म्हंजे तुम्ही बी नाव न्हाय घेत!" चिंधू ओरडला. मऊ आणि वडपे यांच्यामधले चारपाचशे कोस एकदम मिटले. मुलखामुलखांतून नावं गोळा करत हिंडणाऱ्या चिंधूला अखेर एक मुलूख असा भेटला, की जिथं त्याच्या आईचाच कायदा चालत होता.

त्या संध्याकाळी दिवस मावळायच्या आत चिंधू बांधावरच्या राखणीच्या माळ्यावर चढला. वऱ्हाड करवंदीतून उतरताना दिसलं आणि त्यानं छाती भरून घेतली. "ए पंदी! हंदी! भूंड! वराह रं तू, सूकर! तुज्या आँख में तुजाच बाल!" थोरल्या पाव्हण्यानं मान वर केली, सभ्यपणे सगळं ऐकून घेतलं, आणि मुसंडी मारून तो सरळ झिनीत शिरला. चिंधू माळ्यावरून दगड फेकत राहिला, मग नुसताच ओरडत राहिला. शेवटी आवाज बसला तेव्हा खाली खाचरात भात कमी नि चिखल जास्त होता.

दुसऱ्या दिवशी तो काळूराम पाटलांच्या ओटीवर गेला. पाड्यानं मिळून हाकारा घातला, ढोल बडवत डोंगर विंचरला, तर वऱ्हाड महिनाभर तरी फिरकणार नव्हतं.

"न्हाय," पाटील तंबाखू मळत म्हणाले.

"का, पाटील?"

"काल तू काय केलास? अख्ख्या पाड्यानं ऐकला. आमी एका भाषंत नाव घेत न्हाय, आन तू त्याला चार-पाच भाषंत आवतन धाडलास. त्यो इकल्या डोंगरातला व्हता तवर ठीक व्हता. आता मदरासचं येतील, गुजराथंचं येतील. तुज्या हाकाऱ्याला आमची पोरं येनार न्हाईत."

चिंधूनं हात जोडले, पाय धरले. मग हात सोडले, कारण पाटलांचं म्हणणं त्याला मनातून पटलं होतं. हे सगळ्यात वाईट होतं. रंगूबाई असती तर तिनंही हेच म्हटलं असतं.

पुढच्या सकाळी लूमवर तो उभा होता, पण धागा तुटला तरी हात जागचा हलत नव्हता. चाचांनी त्याचं लूम बंद केलं आणि त्याला बाहेर चहाच्या बाकावर आणून बसवलं.

"कितना बचा है?"

"एक चटई अंथरली तर झाकून जाईल इतका. आज शाम को वो भी जाएगा."

चाचा बशीतला चहा फुंकत राहिले. "हमारे यहाँ टोंस नदी चढ़ती है, घर में पानी आ जाता है. पानी को हम गाली नहीं देते, भैया. ताना उठाकर ऊपर रख देते हैं. बाकी जाए तो जाए."

चिंधूनं चहा तसाच ठेवला. ताना उचलायचा, लूमवरचं उभं सूत. मेहतांच्या त्या अवतारानं पृथ्वी उचलली होती, पाण्यातून. मग पाव्हण्याच्या तोंडातून झिनी आपल्याला का उचलता येऊ नये?

कारखान्यामागं तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे पडले होते. प्रभाकरपंतांनी ते नेमके त्या वेळी पाहिले नाहीत. शिफ्ट सुटल्यावर तीन सायकली डब्यांचा खडखडाट करत वडप्याच्या वाटेला लागल्या, आणि उन्हं कलायच्या आत रामुलू नि चिंधू गुडघाभर चिखलात फावडी मारत होते. भाताची एकेक चूड, म्हणजे ठोंब, मातीच्या गोळ्यासकट उचलायची, मुळं तुटू न देता, लेकरू उचलावं तशी. चाचा बांधावर थांबले. पाव्हण्यानं तुडवलेल्या चिखलात ते उतरणार नव्हते, आणि चिंधूनं त्यांना तसं म्हटलंही नाही. वर आलेला गोळा ते दोन्ही हातांनी घेत, डब्यात बसवत, मातीवर बोटं दाबत. चंद्रा डोक्यावरून डबे घरी नेत होती. डबे संपले तेव्हा हंडा, घमेलं, आंघोळीची बादली, आणि शेवटी रंगूबाईची पीठ मळायची काथवटसुद्धा गेली.

बांधावरून काळूराम पाटील जात होते. "येडा झाला का रं चिंधू?"

"व्हय," चिंधू म्हणाला. आणि पुढची चूड उपसली.

तिन्हीसांजेला वऱ्हाड उतरलं तेव्हा खाचरात नुसते खड्डे होते. थोरला पाव्हणा बराच वेळ घुरघुरत, हुंगत फिरला. चिंधूला ओटीवर ते ऐकू येत होतं. त्याच्याभोवती अंगणात, पडवीत, चुलीच्या तोंडाशीही झिनी उभी होती, नि तिची पाती माना टाकत होती.

तीन दिवस पाती पिवळी पडत गेली. चंद्रा गडव्यानं पाणी घाली, सावली धरी, पुन्हा पाणी घाली. काही चुडा मेल्या. काथवटीतली पहिली गेली. चिंधू कामावरून आला की सायकल भिंतीला टेकवायच्या आधी ओंब्या दाबून बघे. दूध पाणचट होतं, दाणा भरत नव्हता. पाचव्या दिवशी चुलीजवळच्या डब्यातली एक ओंबी त्याच्या बोटांना टणक लागली. त्यानं चंद्राला हाक मारली, पण काय झालं ते मात्र सांगितलं नाही. नाव घेतलं की जातं, कोण जाणे.

आश्विनअखेरीला त्यांनी पडवीतच चटई टाकून झोडणी केली. झिनी निघाली पायलीभर, त्यातही पोचट बरंच. चंद्रानं ती पाखडली, वाळवली, कणगीच्या तळाशी ओतली. तळसुद्धा नीट झाकला गेला नाही. पण चिंधूनं कणगीचं तोंड शेणानं लिंपलं आणि वरून हात फिरवला, म्हातारीनं फिरवला असता तसा.

झोडणी झाली होती. कायदा उठला होता. चंद्रा पडवीतून उठली, अंगणात मधोमध उभी राहिली, पदर खोचला आणि डोंगराकडं तोंड करून तिनं चार महिने गिळलेलं सगळं बाहेर काढलं. "डुकरा! मुडद्या! माजा लुगडा पांघरून न्हेलास, तुजी पिलावळ जल्ली! तुज्या सुळ्याला कीड लागंल..." पाड्यातली माणसं ओट्यांवर येऊन ऐकू लागली. पाटीलही आले. कुणी तिला थांबवलं नाही. चिंधू कणगीला पाठ टेकून खाली बसला आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा त्याला रडू आलं.

मराठी संपल्यावर चंद्रा दम खायला थांबली.

"आवं, तो रामुलू काय म्हनतो? सांगा ना."

चिंधूनं नाक पुसलं. "पंदी."

"पंदी!" ती डोंगराकडं ओरडली.