टोकावर उभा चौरस

आमच्या वर्गातली सगळी मुलं एकाच दिवशी, एकाच शब्दांत आनंदी होत. 'आज मला चौरस समजला. मला खूप आनंद झाला.' दुसरीतल्या प्रत्येकाच्या गणित रोजनिशीत हेच वाक्य होतं. त्या दिवशी तापाने घरी झोपलेल्या मुलालाही आनंद झाला होता. त्याच्या आईने तो शेजारच्या मुलाच्या वहीतून उतरवून दिला होता.

मी शिक्षक होण्यासाठी डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि निजामपुऱ्यातल्या एका शाळेत शिकवण्याच्या सरावासाठी जात होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे शिकलेल्या माणसांवर माझा विश्वास जरा जास्तच होता. कॉलेजात सांगितलं होतं की गणित रोजनिशी मुलाची स्वतःची असते. त्याने आकार बघावा, हाताळावा, काढावा आणि जे वाटलं ते आपल्या शब्दांत लिहावं, चुकलं तरी चालेल. वर्गाच्या बाईंनीही प्रशिक्षणात हे ऐकलं होतं आणि त्याची नीट व्यवस्था लावून टाकली होती. सोमवारी त्या फळ्यावर आकृती काढत आणि मुलांचे स्वतःचे शब्दही त्याच लिहून देत. शनिवारी सगळं 'फेअर' होई, पानाला चमकीची बॉर्डर लागे आणि वह्या कपाटात कुलूपबंद. कुणी तपासायला आलं की बाहेर. भूमितीची वही कमी आणि लग्नपत्रिका जास्त वाटायची.

मी एकदा बिचकतच विचारलं, "बाई, मुलांनी स्वतः लिहिलं तर?"

"अहो नवीन सर, मग ते वाचणार कोण?"

तरी एका मुलीने स्वतःच्या मनाने काढलंच. तिच्या घरी नवी लादी बसवली होती, तिरकी. दारातून दिसते तशी एक लादी तिने पानभर काढली, टोकावर उभी, आणि खाली लिहिलं, 'चौरस'. बाईंनी लाल पेनाने काट मारली.

"चौरस असा टोकावर उभा राहतो का गं? ही शंकरपाळी झाली."

"बाई, लादी आहे."

"लादी सरळ असते."

"आमच्या पप्पांनी मुद्दाम तिरकी बसवलीय."

"मग पप्पांना सांग, चुकली म्हणून."

वर्ग हसला. मुलगी खोडरबर शोधायला लागली. बाईंच्या तक्त्यावर त्रिकोणाचा पाया कायम खाली, चौरस कायम सपाट. जणू आकारांनाही प्रार्थनेच्या वेळी सावधान उभं राहावं लागतं. बाईंची नोकरी माझ्या वयाएवढी होती. त्यांच्यावर रागवायचा मला अधिकार आहे का, ते ठरवता येईना, पण राग आला.

त्यातच माझा निरीक्षणाचा पाठ जवळ आला. त्यात नापास म्हणजे वर्ष वाया, आणि घरी आणखी एक वर्ष कुणाला मंजूर नव्हतं. कशेळीचा मामा तयारच बसला होता. आई रोज आठवण करायची, "मामा म्हनतो, वडप्याच्या गोडावनात जागा हाय. पास न्हाय झालास तं सरल तिकडं जायाचं."

बाईंनाही मी हे सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मग पाठ सरळ घ्या. चौरसही सरळ काढा."

निरीक्षणाला आमच्या कॉलेजचे सर आले, मागच्या बाकावर बसले. वह्या कपाटातून निघाल्या, वर्गभर चमकी सांडली. मी पुठ्ठ्याचा चौरस दाखवला. "हा काय?" सगळे ओरडले, "चौरस." मग मी तोच पुठ्ठा सगळ्यांसमोर हळूच फिरवून टोकावर धरला. "आणि आता?"

"शंकरपाळी."

सर हसले आणि त्यांनी काहीतरी लिहिलं. मी मुलांना म्हटलं, "पुठ्ठा मी बदलला का? काय दिसलं ते रोजनिशीत तुमच्या शब्दांत लिहा."

कुणीच पेन्सिल उचलली नाही. सगळी मुलं फळ्याकडे बघत बसली. शेवटी पुढच्या बाकावरचा म्हणाला, "सर, लिहून द्या ना, मग लिहितो."

मागून बाई मला हाताने खूण करत होत्या, खडू घ्या, लिहून द्या. एका ओळीचं काम होतं. सगळ्या माना खाली गेल्या असत्या, वह्या भरल्या असत्या आणि मी पास झालो असतो. मी खडू उचलला. मग टेबलावर ठेवला. सरांनी घड्याळ बघितलं. लादीवाली मुलगी पुढे आली, माझ्या हातातला पुठ्ठा घेऊन जागेवर गेली आणि तो पानावर ठेवून कधी असा, कधी तसा फिरवत कडेने गिरवत बसली. लिहिलं तिनेही काही नाही. तास संपला.

सरांनी ना ती मुलगी बघितली, ना तिचं पान. शेरा लिहिला, 'मुलांचा प्रतिसाद नाही. फलकलेखन अपुरे. पाठ पुन्हा घ्यावा.' भूमिती शिकवण्याच्या पद्धतींवर त्यांनी वर्षभर आम्हाला नोट्स लिहून दिल्या होत्या. तेव्हा आम्हीही माना खाली घालून लिहीत होतो.

शेवटची संधी आठवडाभराने होती. पाठाचा विषय आधी बाईंना लिहून द्यायचा असतो. मी 'चौरस' लिहून कागद पुढे केला.

"सरळ की तिरका?" त्यांनी विचारलं.

"पुठ्ठे मुलांच्या हातात देणार आहे, बाई. ते धरतील तसा."

त्यांनी सही केली. कागद परत देताना म्हणाल्या, "मामांना फोन करून ठेवा."

मी हो म्हणालो आणि पुठ्ठे कापायला घेतले.