तार जोडून दाखव

नवागामच्या आमच्या चाळीत सगळेच ओरडून बोलायचे. पाळीभर कापडाच्या लूमच्या खडखडाटात उभं राहिलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही, आणि हळू बोललेलं ऐकूही येत नाही. म्हणून त्या रविवारी माझा धाकटा भाऊ कबड्डीहून येऊन म्हणाला, "ताई, कान वाजी ऱ्हायनात," तेव्हा माझा नवरा हसला.

"मग? इथे कोणाचे वाजत नाहीत?"

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. भाऊ खानदेशातून आमच्याकडे राहायला आलेला. आठवडाभर लूम चालवायचा, सुट्टीला चढाई करायचा. मैदान म्हणजे कडक मुरूम. त्या दिवशी शेजारच्या डिंडोलीच्या एका गड्याने त्याला कमरेत धरून उचललं आणि डोक्यावर आपटलं. काही वेळ तो उठलाच नाही. आपल्या लोकांनी काय केलं, तर तोंडावर पाणी मारलं, उभा केला आणि डाव पुरा खेळायला लावला.

घरी आल्यावर तो ओकला. मी सरळ दवाखान्यात नेला. डॉक्टर म्हणाले, आराम करा, आणि डोक्याला परत मार लागता कामा नये. पुढच्या रविवारी अंतिम सामना होता. सोमवारी भाऊसाहेब पाळीवर हजर.

आठवडाभर चाळीत एकच वाद. उचलून आपटणं बंद करायचं की नाही? म्हातारे म्हणत, गावाकडे नांगरलेल्या मातीत खेळायचो, तिथे चालायचं, मुरुमावर नको. पोरं म्हणत, मग पकडायचं कसं, पाया पडून? मी नळावर हंडा भरता भरता हे ऐकायचे आणि अंगाचा तिळपापड व्हायचा. शेवटी संघाच्या कप्तानालाच गाठलं. तो आमच्याच ओळीत राहायचा.

"नियम सावकाश करा," म्हटलं, "रविवारी हा खेळणार नाही, एवढं आज सांगा."

"वहिनी, कबड्डी आहे ही. हळदीकुंकू नाही."

"हळदीकुंकवाहून कोणी ओकत घरी येत नाही."

लोक हसले. भाऊ मात्र लाल झाला. "माले काही नही व्हयनं. चारचौघांत मनी इज्जत काढू नको."

त्याच आठवड्यात एकदा त्याचा डबा द्यायला लूमच्या खात्यात गेले. सुताची तार तुटली म्हणून त्याने लूम थांबवला होता. तुटलेली तार जोडणं हे कारागिराचं श्वास घेण्यासारखं काम. बोटं गाठ मारतात, डोळे तोवर पुढच्या लूमवर गेलेले असतात. भावाची गाठ सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. शेजारच्या कारागिराने ती जोडून दिली. मी डबा ठेवला आणि निघाले. घरी बसवेना, उभं राहवेना. भाकरी करपली.

रविवारी घरातली एक सुताची बॉबिन उचलली आणि मैदानावर गेले. बायका कडेला उभ्या राहायच्या, मी थेट आत गेले. कप्तानाच्या हातात बॉबिन दिली.

"तार तोडा आणि याला जोडायला सांगा. जोडली, तर खेळू द्या. मी एक शब्द बोलणार नाही."

"काय वहिनी, सामन्याच्या वेळी..."

"किती वेळ लागतो तार जोडायला?"

तिथे उभा असलेला प्रत्येक जण कारागीर होता. कप्तानाने तार तोडली. भावाने रागातच टोकं घेतली, माझ्याकडे बघत गाठ मारली. ओढली, सुटली. टोक ओठांत ओलं केलं, पुन्हा मारली. सुटली. कप्तानाने बॉबिन त्याच्या हातातून काढून घेतली आणि दुसऱ्याला म्हणाला, "तू उतर."

आम्ही हरलो. त्याचं खापर माझ्यावर फुटलं, ते मी फुटू दिलं. उचलून आपटणं काही बंद झालं नाही. मुरूम मात्र खणून त्यावर माती टाकली, तीही बायका मागे लागल्या म्हणून.

भाऊ बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही. मग एका सकाळी चहा घेताना त्याने ती बॉबिन स्वतःच उचलली, तार तोडली, जोडली आणि माझ्यापुढे ताणून धरली. गाठ घट्ट होती.

"झालं समाधान?"

मी हो म्हटलं. पण गाठ मारताना त्याची नजर बोटांवर होती.