राजघाटच्या पुलावर लागणारी पिवळी लाइट

आधीच सांगतो, मी या भुताखेतांच्या ग्रुपवर हसायला येतो. जन्मभर फिजिक्स शिकवलं. तुमचे मुंजे, चकवे, पिंपळावरच्या बाया... सगळं वाचतो आणि मनात म्हणतो, काय एकेक बाता मारतात लोक! आता माझ्यावर हसायची पाळी तुमची. बिनधास्त हसा.

आम्ही बनारसचे मराठी. घर दूधविनायकच्या गल्लीत, जिथे समोरून गाय आली की माणसाने भिंतीला चिकटायचं. त्यामुळे गाडी बाहेर मोठ्या रस्त्याला, मैदागिनला उभी असते, तिथवर पायी. घरात मी एकटाच. सुनंदा, माझी बायको, गेल्या वर्षी गेली. मुलगी अदिती पुण्यात. आमच्याकडे मराठी घरापुरती, बाहेर सगळी हिंदी. सुनंदा गेली आणि घरातलं मराठीच बंद पडलं. अदितीचा फोन येतो तेवढंच. बाकी कधी कधी कुकरला मराठीत शिव्या घालतो...

रिटायर झालो तरी गंगेपलीकडच्या एका कॉलेजात तास घ्यायला जातो. रस्ता राजघाटच्या पुलावरून. पावसाळा संपल्यावर एका सकाळी, पुलाच्या मध्यावर, डॅशबोर्डवर इंजिनाची पिवळी लाइट लागली. कोड वाचायचं छोटं यंत्र माझ्याकडे आहे (मास्तर ना!). कोड आला पी ०१७१, म्हणजे मिश्रण लीन. पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. इंजिनात येणारी हवा एक सेन्सर मोजतो, त्या मापाने पेट्रोल सुटतं. कुठूनतरी न मोजलेली हवा शिरली, किंवा पेट्रोलच कमी पोचलं, की हा कोड. साधी गोष्ट. म्हटलं, पाइप फाटला असेल.

कसला फाटतोय! मुन्ना मिस्त्रीने पाइप बघितले, सेन्सर धुतला, पेट्रोलचं प्रेशर मोजलं, आत धूर सोडून बघितला. धूर कुठूनही बाहेर येईना. कोड पुसला... दुसऱ्या दिवशी पुलावर लाइट पुन्हा हजर! दर वेळी पलीकडे पोचून कोड पुसायचो. मग शहरात कितीही फिरा, काही नाही. परत येताना नाही. फक्त जाताना, पुलावर. मुन्नाला शेजारी बसवून नेलं — नाही लागली. त्याने एकट्याने नेली — नाही. मी एकटा गेलो — लागली. मुन्ना म्हणाला, "गुरुजी, गाड़ी तो चकाचक है. आप पुल से जाते ही काहे हैं?" कपाळ माझं!

माझा घोर वेगळाच होता. अदितीने ठरवून टाकलं होतं: गाडी विकायची, घराला कुलूप लावायचं आणि बाबांनी पुण्याला यायचं. मीही हो म्हटलं होतं. संध्याकाळी घर खायला उठतं हो, किती दिवस काढायचे? गिऱ्हाईकही मिळालं, पण म्हणालं, पहले बत्ती ठीक कराइए. लाइट जाईना म्हणून गाडी जाईना, आणि गाडी जाईना म्हणून मी अडकलेला.

हे सगळं फोनवर सांगत होतो तर अदिती हसली. "बाबा, आईच बसत असेल शेजारी. तुम्ही पुलावर काच उघडत नाही म्हणून रुसली असेल."

ती चेष्टेने बोलली, पण काचेची गोष्ट खरी होती. सुनंदाचा नेमच होता तो. पूल आला की काच खाली करायची, गंगेला हात जोडायचे आणि म्हणायचं, "येते गं आई." जाते असं कधी नाही म्हणायची. मी दर वेळी करवादायचो, "अगं, एसी चालू आहे, काच लाव!" ती म्हणायची, "येऊ दे की थोडी हवा. तुमचं काय जातंय?" तिच्या अस्थीही याच पाण्यात सोडल्या.

दुसऱ्या दिवशी पुलावर लाइट लागली. कोणी बघत नाही ना ते बघून घेतलं आणि डावीकडची काच पूर्ण खाली केली. नदीवरचा वारा भसकन आत आला. मी म्हटलं, "येतो गं." कोणाला म्हटलं ते विचारू नका. शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून बोललो.

लाइट गेली.

आता ऐका. गाडीची काच आणि इंजिनात जाणारी हवा यांचा काडीचाही संबंध नाही. शिवाय ही लाइट अशी चालत्या गाडीत विझतही नाही. दोष गेला तरी गाडी काही वेळा बंद-चालू व्हावी लागते. पलीकडे जाऊन यंत्र लावलं. कोड नाही. जुन्या नोंदींतही नाही! ढिली वायर, योगायोग... वर्गात मीही हेच सांगितलं असतं. पण ढिली वायर फक्त मी एकटा असतानाच कशी ढिली व्हायची?

गिऱ्हाईक येऊन गाडी बघून गेलं, एकदम खूश. मीच नाही म्हटलं. पुण्याला जाणंही राहिलं. अदिती रागावली आहे, फोनवर तुटक बोलते.

त्या दिवसानंतर लाइट लागलेली नाही. पुलावर रोज बघतो. मुद्दाम काच बंद ठेवून गेलो. थंडीत एसी लावून गेलो. "काच लाव!" म्हणून ओरडूनही बघितलं. काही नाही. गाडी ठणठणीत आहे. ते काय होतं, मला आजही कळलेलं नाही. इथे गाड्यांमधले जाणकारही असतील. लाइट घालवायचे उपाय सांगू नका, ते मला येतात. ती परत कशी लावायची, एवढं कोणाला माहीत असेल तर सांगा.