कापणीच्या सणातली पांढरी कोंबडी

आमची मंडळी म्हणजे वर्ध्यातली वीस-बावीस घरं. एवढ्याशा चर्चमध्ये रविवारी काही घडलं की ते आठवडाभर घरोघरी फिरतं. ऐंशी सालाच्या आसपास नवे पाळकसाहेब आले, त्यांनी लोभावर बोलायला घेतलं आणि माझ्याकडे किस्से साठतच गेले. लोभ म्हणजे नेमकं काय, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.

* * *

पहिल्याच उपदेशात ते म्हणाले, वस्तूंत जीव अडकवू नका. सगळ्या माना दानीएलभाऊंकडे वळल्या. सहा वर्षं नंबर लावून त्यांना नुकतीच स्कूटर मिळाली होती! पुढच्या रविवारी भाऊंनी ती नालवाडीच्या शंकररावांच्या भाजीच्या वाडीत लपवली आणि घाम पुसत पायी आले. पाळकसाहेबांना फार बरं वाटलं. मग हळूच म्हणाले, "आणली असती तर मला स्टेशनावर सोडता आलं असतं."

* * *

कापणीच्या सणाला जो तो घरचं काहीतरी अर्पण करतो, मग त्याचा लिलाव होतो. तो मी पुकारायचो. राहेलबाई म्हणजे दवाखान्यातल्या रिटायर्ड आया. दरवर्षी त्या आपली पांढरी कोंबडी अर्पण करायच्या आणि दरवर्षी लिलावात स्वतःच सोडवून न्यायच्या. लोक मुद्दाम बोली चढवायचे. खोटं कशाला बोलू, मला रश्श्याची आशा असायची! पण अंड्यांची सगळी कमाई गेली तरी बाई हटायच्या नाहीत. घरात त्या आणि ती कोंबडी, तिसरं कोणी नव्हतं.

* * *

देवाला दिलेलं परत घ्यायचं, हा लोभच, असं पाळकसाहेबांचं मत पडलं. त्यांनी नियम केला: आपल्या वस्तूवर आपण बोली लावायची नाही. बाईंचं तोंड एवढंसं झालं.

त्या सणाला कोंबडी काखेत घेऊन आले शंकरराव, बाईंचे हिंदू शेजारी! आणि बाईंच्या डोक्यावर शंकररावांच्या वाडीतली वांगी. लिलावात बाईंनी कोंबडी घेतली, शंकररावांनी वांगी. पाळकसाहेबांनी हे काय म्हणून विचारलं, तर शंकरराव म्हणाले, "माह्या हातची कोंबडी तुमच्या देवाले काऊन नाई चालत?"

* * *

पुढच्या वर्षी नियम गेला. पाळकसाहेबांनी आम्हाला बजावलं, बाईंवर कोणी बोली चढवू नका. बाईंना मात्र बाजूला घेऊन विचारलं, हे देवासाठी करता की कोंबडीसाठी? बाई सरळ लिलावाला जाऊन बसल्या.

कोंबडी टेबलावर आली. बाई म्हणाल्या, "पाच."

मी पाच एक म्हणालो, पाच दोन म्हणालो. तेवढ्यात बाईच म्हणाल्या, "बारा."

मी गोंधळून पाळकसाहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "बाई, तुमच्यावर कोणी बोली लावलीच नाही."

"मले मालूम हाये. पाच कोंबडीच्या लोभाचे. वरचे सात देवाचे." मग माझ्याकडे वळल्या. "पाहून काय राह्यला? तीन म्हन."