मोहाखालचा खराटा

लग्न होऊन मी नागभीडकडच्या भरल्या गावातून जंगलाकाठच्या सात घरांच्या वस्तीत आले, तेव्हा वाटलं, बापानं मला वाघाच्याच घरी दिलं. शेजार म्हणाल तर धानाच्या बांध्या, एक बोडी, म्हणजे लहानसं तळं, आणि तिच्यापलीकडे राखीव जंगल.

जंगलाच्या हद्दीच्या दगडाआत सासूबाईंचं मोहाचं झाड होतं. झाडं जंगलाची, पण कुठलं झाड कोणत्या घरानं वेचायचं ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. घरातलं धान संपत आलं की त्या फुलांवरच दिवस निघायचे. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला आधी जाळायचा, तोही पहाटे, दंव असताना. मला हे बजावलं होतं. पण मी दीडशहाणी. उशिरा उठले आणि ऊन तापल्यावर काडी ओढली.

वारा सुटला. आग थेट बांबूच्या बेटात शिरली. सातही घरं पळसाच्या ओल्या डहाळ्या घेऊन धावली, झोडपून झोडपून दुपार कलताना ती विझवली.

मग जंगलाचा नाकेदार आला. "कोनं लावली? त्याच्या घराले उद्यापासून मोह बंद."

मी काडेपेटी पदराआड लपवली. सासूबाई पुढे झाल्या. "मीनं लावली."

मला माझीच चीड आली. म्हटलं, "खोटं बोलून राह्यल्या त्या. काडी मीनं ओढली."

नाकेदार दोघींकडे बघत राहिला. "लोक सुटाले भांडते, तुमी अडकाले भांडून राह्यल्या. या खेपी सोडतो. पुन्हा धूर दिसला तं झाड गेलं."

"आगीबिगर फुलं दिसतीन कशी?" सासूबाईंनी विचारलं.

"झाडून काढीन मी," मी बोलून गेले.

जंगल झाडायला निघाली म्हणून बायकांनी वर्षभर माझी टर उडवली. पुढच्या मोसमात मी पहाटेच खराटा घेऊन गेले. पाठ मोडून आली, पण टोपलीत राखेचा कणही नव्हता. आठवड्याभरात सातही घरांच्या झाडांखाली खराटे वाजू लागले. पावसाळ्यात जळक्या बेटाला कोंब फुटले, तेव्हा मी खरंच सुखावले.

त्याच्या पुढच्या वर्षी फुलं वेचताना एका पाहुणीनं विचारलं, "हे झाड कोनाचं, बाई?"

सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "हिचं. हिच्याच हातानं गेलं असतं, हिच्याच हातानं राह्यलं."